‘नळीमुळे तसं वाटतं’: प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरची एक रात्र

रुग्ण ७१ वर्षांचे, मालवण-देवगड पट्ट्यातल्या एका बंदरावरचे जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. आता स्वतः समुद्रात जात नाहीत, पण मुलाची होडी आहे आणि जाळी दुरुस्त करणं, बर्फा-डिझेलचा हिशोब ठेवणं ही कामं त्यांच्याकडेच. गेली काही वर्षं लघवीचा त्रास होता: धार बारीक, सुरू व्हायला वेळ, रात्री चार-पाचदा उठणं. गोळ्या चालू होत्या. मे महिन्यात लघवी दोनदा पूर्ण अडली, दोन्ही वेळा नळी घालावी लागली आणि मग ऑपरेशन ठरलं.

तारीख त्यांनी स्वतः निवडली, जूनचा मधला आठवडा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, मुलगा घरी, धावपळ करायला माणूस मोकळा. आंबेवालेही त्याच सुमाराला कामातून मोकळे होतात. त्यामुळे हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट अशी पुढे ढकलता येणारी ऑपरेशनं आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी गोळा होतात, आणि नेमका तोच काळ मुसळधार पावसाचा, वीज जाण्याचा, घाटात दरड येण्याचा असतो.

दवाखाना तालुक्याच्या गावातला, खासगी, तीसेक खाटांचा. (ओळख पटू नये म्हणून गाव आणि किरकोळ तपशील बदलले आहेत.) युरोसर्जन कोल्हापूरहून येतात. शनिवारी सकाळी गगनबावड्याकडून घाट उतरतात, ऑपरेशनं करतात, संध्याकाळी परत. ही पद्धत कोकणात सर्रास आहे. ती नसती तर कित्येकांना गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावं लागलं असतं, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण ऑपरेशननंतरचे पहिले बारा-चौदा तास, म्हणजे रक्तस्रावाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक तास, सर्जन शंभराहून जास्त किलोमीटर लांब असतात आणि रुग्ण वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात असतो, हे त्या पद्धतीतच आलं.

मी नर्सिंग शिकवते. इथल्या इन्चार्ज सिस्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्या रात्रीनंतर त्यांनी सगळे कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, ‘मॅडम, रात्रपाळीची मुलगी हुशार आहे. तिला सगळं येतं. मग असं का झालं?’ या प्रश्नापुढे ‘प्रशिक्षण कमी पडलं’ हे ठरावीक उत्तर लिहून मोकळं होता आलं नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

ऑपरेशन आणि नंतरची व्यवस्था

शनिवारी दुपारी कमरेखाली भूल देऊन दुर्बिणीतून प्रोस्टेटचा वाढलेला भाग कापून काढला (टीयूआरपी). बायपोलर मशीन, धुवायला नॉर्मल सलाईन. पूर्वीच्या मोनोपोलर पद्धतीत ग्लायसिनचं पाणी वापरत आणि ते रक्तात जास्त शोषलं गेलं की सोडियम उतरायचं. इथे तो धोका जवळजवळ नव्हता. शेवटी २२ नंबरची थ्री-वे फोलीज नळी घातली, फुगा ४० मिलीचा, नळीला हलका ताण देऊन मांडीवर चिकटपट्टी.

हा ताण कशासाठी, ते वॉर्डात फार कमी जणांना नीट सांगता येतं. अमेरिकन युरोसर्जन फोली यांनी १९३७ साली फुग्याच्या नळीबद्दल लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचा रक्तस्राव थांबवण्याचा प्रश्न होता. नळी आत टिकून राहणं हा त्या फुग्याचा एक उपयोग. जिथून प्रोस्टेटचा भाग कोरून काढला त्या खोबणीच्या तोंडाशी दाब देणं हा दुसरा. चिकटपट्टी सुटली की तो दाब सुटतो.

थ्री-वे नळीचं एक तोंड फुग्याचं. दुसऱ्यातून वर टांगलेल्या तीन लिटरच्या पिशवीतलं सलाईन मूत्राशयात जातं, तिसऱ्यातून सलाईन, लघवी आणि रक्त एकत्र होऊन खालच्या पिशवीत येतं. सलाईन असं सतत वाहतं ठेवण्याचं (इरिगेशनचं) कारण एकच, रक्त साचून गोठू नये. वेग किती ठेवायचा ते रंगावर ठरतं. इथल्या एका जुन्या सिस्टरांनी नव्या मुलींना शिकवायला सोपी खूण काढली आहे: कोकमाच्या पातळ सरबताइतका रंग चालेल, सरबत दाट दिसू लागलं की वेग वाढवा, आगळासारखं (कोकमाच्या घट्ट रसासारखं) गडद झालं की हलू नका आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारा. आमच्या भागात हे ऐकून विसरणारी मुलगी मला भेटलेली नाही.

सहा वाजता सर्जननी राउंड घेतला. रंग फिकट गुलाबी. तोंडी सूचना दिली, ‘इरिगेशन चालू ठेवा, लाल झालं तर वाढवा, काही वाटलं तर फोन करा.’ आणि अंधार पडायच्या आत घाट गाठायला निघाले.

रात्र

आठ वाजता ड्युटी बदलली. रात्रीच्या सिस्टर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन वर्ष-दीड वर्ष झालेल्या, मूळच्या मराठवाड्यातल्या. वॉर्डात चौदा रुग्ण, सोबत एक मावशी. रेसिडेंट डॉक्टर एकच आणि ते लेबर रूममध्येही तेच. हँडओव्हर टेबलापाशी, वहीवरून झाला: ‘सहा नंबर, टीयूआरपी, इरिगेशन चालू, सगळं ठीक.’ खाटेपाशी दोघी मिळून गेल्या नाहीत.

आठ ते दहा या वेळात २००० मिली सलाईन आत गेलं आणि २२५० मिली बाहेर आलं. फरक अडीचशे, म्हणजे दोन तासांची लघवी अडीचशे मिली. उत्तम.

दहाच्या सुमाराला सिस्टरांनी उरलेलं सलाईन मोजलं. टांगलेल्या पिशवीत एक लिटर आणि एक न उघडलेली पिशवी, मिळून चार लिटर. खालचं मेडिकल दहाला बंद झालेलं. मुलगा जेवायला आणि घरच्यांना धीर द्यायला गावी गेलेला, पावसात रात्री परत येणं अवघड. सकाळी आठपर्यंत दहा तास. चार लिटर भागिले दहा. त्यांनी थेंबांचा वेग निम्म्याहून कमी केला.

मी या जागी बराच वेळ थांबले. कारण हा निष्काळजीपणा नाही. उलट काळजी घेणाऱ्या, हिशोबी माणसाने केलेलं काम आहे. सलाईन अचानक संपून नळी कोरडी पडू नये म्हणूनच त्यांनी ते केलं. आजारी माणसाच्या नातेवाइकांनी सामान आणून द्यायचं ही पद्धत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, की इरिगेशनचा वेग लघवीच्या रंगाऐवजी दुकानाच्या वेळेवर ठरला आणि तिथल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

अकराच्या आसपास सहा नंबरच्या काकांनी हाक मारली. ‘सिस्टर, माका लघवीक लागली हा, पण येना नाय.’

सिस्टर आल्या, पिशवीकडे पाहिलं, पिशवीत लघवी होती. म्हणाल्या, ‘बाबा, नळी घातलीय ना, नळीमुळे तसं वाटतं. जोर करू नका.’

साडेअकराला पुन्हा तेच. पुन्हा तेच उत्तर. यावेळी काकी खाटेजवळच होत्या. त्या म्हणाल्या, ‘बाय, ह्येंच्या पोटाक जरा हात लावन बघ गे.’ सिस्टरांनी नाडी आणि बीपी घेतलं. नाडी १०८, बीपी १६० वर ९४. दुखत असेल म्हणून लिहून ठेवलेलं पॅरासिटामॉलचं इंजेक्शन सलाईनमधून दिलं. पोटाला हात लागला नाही.

बारा वाजता वीज गेली, इन्व्हर्टरवर एक दिवा. दहा ते बारा या वेळात आत ९०० मिली, बाहेर ७५०. कागदावर लिहिलं गेलं, ‘युरीन आउटपुट ७५०, गुड.’ सव्वाबाराला नळीच्या बाजूने गळून चादर ओली झाली. मावशींनी चादर बदलली, खाली पॅड ठेवला. काका तळमळत होते, बडबडत होते, नळीला हात घालत होते. पाऊण वाजता खालच्या पिशवीत काहीच येत नाही हे मावशींच्या लक्षात आलं.

तिथून पुढे सिस्टरांनी जे केलं ते क्रमाने बरोबर होतं. आधी इरिगेशन बंद केलं. नळी कुठे दुमडली आहे का पाहिलं. रेसिडेंट डॉक्टरांना निरोप पाठवला, ते बाळंतपणात अडकलेले. सर्जनना फोन लावला, दुसऱ्या खेपेला उचलला. ‘वॉश दे लगेच.’ वॉश म्हणजे सिरींजने नळीतून सलाईन आत सोडून गुठळ्या ओढून काढणं. त्याला मोठी, निमुळत्या लांब तोंडाची सिरींज लागते, जी नळीच्या तोंडात घट्ट बसते. वॉर्डात ५० मिलीची होती ती सुई लावायची, तिचं तोंड नळीत बसेना. दुसरी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत), ओटीला कुलूप, किल्ली ओटीच्या ब्रदरांकडे आणि ते घरी. सिरींज हातात यायला सव्वा वाजला. तोवर रेसिडेंट डॉक्टर मोकळे झाले होते. त्यांनी वॉश दिला, सिस्टरांनी हाताखाली मदत केली. भांडंभर गुठळ्या निघाल्या. चौथ्या-पाचव्या खेपेला नळी मोकळी झाली आणि साचलेलं सगळं धो-धो आलं. काका दोन मिनिटांत शांत झाले. तीन वाजता झोपले. उरलेलं सलाईन भरधाव सोडलं आणि आणखी पिशव्या दुसऱ्या एका दवाखान्यातून उसन्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १२.१ वरून ९.८. रक्त द्यावं लागलं नाही. एक दिवस जास्त राहून ते घरी गेले.

कागदावरची बेरीज

तो चार्ट मी पुन्हापुन्हा पाहिला. त्यात इरिगेशनचा रकाना एका पानावर आणि आउटपुटचा दुसऱ्या पानावर होता. वजाबाकीला जागाच नव्हती. ७५० मिली दोन तासांत, हा आकडा एकटा वाचला तर कुणालाही बरं वाटेल. पण आत ९०० गेलं होतं. म्हणजे दीडशे आतच राहिलं, शिवाय शिरेतून तासाला ७५ मिली चालू होतं आणि मूत्रपिंडं आपलं काम करत होती. दोन तासांत निदान दीड-दोनशे मिली लघवी तयार झालीच असणार. तीही आतच. बारा वाजता त्या मूत्राशयात तीन-साडेतीनशे मिली जादा होतं आणि पाऊणपर्यंत त्यात आणखी भर पडली. माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिली मावतं. ताजं ऑपरेशन झालेलं मूत्राशय असं ताणलं की प्रोस्टेटची खोबणी आक्रसू शकत नाही, तिथल्या शिरा उघड्या राहतात, रक्त वाढतं, रक्ताच्या गुठळ्या होतात, गुठळ्यांनी नळी अडते आणि मूत्राशय आणखी ताणलं जातं. हे चक्र एकदा फिरू लागलं की आपोआप थांबत नाही.

साठ-पासष्ट किलोच्या माणसाला तासाला तीस मिलीच्या वर लघवी झाली तरी आपण समाधान मानतो. दोन तासांत ७५० ही संख्या ‘गुड’ लिहिण्याआधी हाताला खटकायला हवी होती. पण ती खटकण्यासाठी शेजारी ९०० दिसायला हवेत.

माहिती होती

नंतर मी वॉर्डातल्या सिस्टरांशी एकेकीशी बोलले. ज्ञान, दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष काम यांची पाहणी करायची म्हणजे आपल्याकडे प्रश्नपत्रिका वाटतात आणि बरोबर उत्तरांची टक्केवारी काढतात. मी ते टाळलं. खाटेपाशी उभं राहून विचारलं. लघवी लाल झाली तर? वेग वाढवायचा. नळी बंद पडली तर? इरिगेशन थांबवायचं, वॉश द्यायचा. गुठळी अडल्याची लक्षणं? पोट फुगतं, जोराची भावना येते, बाजूने गळतं, नाडी-बीपी वाढतं. सगळ्यांना येत होतं. त्या रात्रीच्या सिस्टरांना तर सगळ्यात नीट येत होतं. प्रश्नपत्रिका दिली असती तर त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते आणि मी निष्कर्ष काढला असता की इथे ज्ञानाची कमतरता नाही.

तो निष्कर्ष खरा असूनही उपयोगाचा नव्हता, कारण ‘नळीमुळे तसं वाटतं’ हेही ज्ञानच आहे. फुगा मूत्राशयाच्या तळाशी टेकतो, तिथे त्रास होतो आणि मूत्राशय रिकामं असतानाही लघवीची भावना येते. मूत्राशयाला आकडी आली तर बाजूने गळतंही. दहापैकी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे वाक्य बरोबर ठरतं, म्हणून ते जिभेवर बसतं. घोटाळा असा की गुठळी अडलेला माणूसही हुबेहूब हेच सांगतो. दोघांत फरक करायचा तर बेंबीखाली हात ठेवून पाहावं लागतं आणि आत-बाहेरची वजाबाकी करावी लागते. त्याला एक मिनिट पुरतं. वाक्य आधी आलं आणि हात मागे राहिला, एवढंच त्या रात्री अकरा वाजता घडलं, आणि माझ्या मते प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

हात मागे का राहिला, यावर सिस्टर सुरुवातीला बोलायला तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, चादर उचलावी लागते.’

आपण यावर उघड बोलत नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, घरापासून चारशे-पाचशे किलोमीटर लांब, रात्री एकटी, आणि समोर आजोबांच्या वयाचा पुरुष. नळीची स्वच्छता, मांडीवरची पट्टी, लिंगाची सूज किंवा जखम पाहणं ही कामं या वॉर्डात ठरल्यासारखी मामांकडे (पुरुष मदतनिसांकडे) किंवा नातेवाइकांकडे गेलेली होती. रात्री मामा नसत. त्यामुळे रात्रभर सिस्टर पिशवी पाहत आणि चादरीखालचं कुणीच पाहत नसे. सकाळी पाहिलं तेव्हा मांडीवरची चिकटपट्टी ओली होऊन सुटलेली होती. बहुधा चादर बदलताना, कदाचित आधीच. म्हणजे फुग्याचा दाबही गेला होता. काकांचीही बाजू तशीच. सून खाटेजवळ होती तोवर त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ती बाहेर जाऊन झोपल्यावर, अकरा वाजता पहिली हाक. त्यांना त्रास त्याआधीपासून होत होता.

पिशवी पाहण्यातही एक चूक दडलेली असते. पिशवीतला रंग म्हणजे गेल्या दोन-तीन तासांची सरासरी. आत्ता काय चाललंय ते नळीच्या पारदर्शक भागात दिसतं, जोडापाशी, आणि तेही चांगल्या उजेडात. इन्व्हर्टरच्या दिव्यात गडद लाल आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. टॉर्च जवळ धरून नळीत पाहावं लागतं. तळमळ आणि बडबड पाहून सिस्टरांच्या मनात रक्तातलं सोडियम उतरल्याची शंकाही येऊन गेली होती, त्यांनी ती मला सांगितली. विचार चांगला, पण म्हातारा माणूस ऑपरेशननंतर अचानक बेचैन झाला तर पहिला हात पोटावर, सोडियम त्यानंतर.

परवानगी

साडेअकरालाच गुठळीचा संशय आला असता तर सिस्टरांनी स्वतः वॉश दिला असता का? मी थेट विचारलं. ‘नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसा देणार? काही झालं तर नाव माझं येणार.’ शिकताना त्यांनी वॉश पाहिला होता, एकदा-दोनदा सिरींज हातात दिली होती, पण नोकरीत कधी एकट्याने दिलेला नव्हता आणि तो देण्याचा त्यांना अधिकार आहे असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. सर्जनची सूचना तोंडी, तीही ‘काही वाटलं तर फोन करा’ अशी. ‘काही वाटणं’ म्हणजे काय, हे रात्री बारा वाजता एकट्या माणसाने ठरवायचं आणि झोपलेल्या मोठ्या डॉक्टरांना उठवायचं. नवीन मुलगी ते शेवटच्या क्षणापर्यंत लांबवते. मी तिच्या जागी कुणालाही उभं करून पाहिलं तरी हेच होणार.

सर्जनशी बोलणं झालं तेव्हा त्यांची भीतीही खोटी वाटली नाही. ताज्या खोबणीवर कुणी सिरींज जोरात दाबली तर इजा होऊ शकते, मूत्राशय फुटूही शकतं. बंद असलेली नळी-पिशवीची जोडणी उघडली की जंतू आत जायला वाट मिळते. दोन्ही खरं. पण नीट शिकवलेल्या सिस्टरांनी बारा वाजता पन्नास मिली हलक्या हाताने आत सोडून हळूच ओढून घेणं, आणि सव्वा वाजता तट्ट फुगलेल्या मूत्राशयावर घाईघाईत तेच करणं, यांत धोका कशात जास्त हे त्यांनाच विचारलं. त्यांनी वाद घातला नाही. ‘लिहून द्या, मी सही करतो,’ म्हणाले.

काय बदललं

कागद एका पानाचा झाला. दर तासाला नळीतला रंग, आत गेलेलं, बाहेर आलेलं आणि फरक. फरक दोनदा लागोपाठ शून्याखाली गेला, किंवा रुग्णाला लघवीची भावना झाली, बाजूने गळलं, बाहेर येणं थांबलं, यातलं काहीही एक झालं तर पोटाला हात, चादर उचलून पट्टी आणि दुमड पाहणं, येणं थांबलं असेल तर इरिगेशन बंद. मग निर्जंतुक हातमोजे घालून ५० मिलीचा वॉश, हलक्या हाताने, जास्तीत जास्त तीनदा. आत सोडलेलं परत येत नसेल किंवा अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबायचं आणि फोन करायचा. मधल्या कुठल्याही पायरीसाठी परवानगी मागायची नाही, ती आधीच दिलेली आहे. शेवटच्या दोन वाक्यांसाठी इन्चार्ज सिस्टर अडून बसल्या होत्या, आणि ती दोन वाक्यंच या कागदाचा जीव आहेत असं मला वाटतं.

खाटेशेजारी झाकलेला ट्रे: निमुळत्या तोंडाच्या दोन सिरींज, सलाईनची बाटली, हातमोजे, भांडं, टॉर्च. तीन लिटरच्या पिशव्या ऑपरेशनला घ्यायच्या आधीच वॉर्डात मोजून घ्यायच्या. बारा तास पूर्ण वेगाने पुरतील एवढ्या नसतील तर केस सुरू करायची नाही. उरलेल्या परत घेऊन बिलातून वजा करायच्या. मालकांनी याला सुरुवातीला नाक मुरडलं, मग मान्य केलं.

वॉशचा सराव मी दोन दुपारी घेतला. रिकाम्या सलाईनच्या पिशवीत नळी बसवून, आत घट्ट जेली घालून. सिरींज ओढताना जोर लावला की नळीची भिंत आत चिकटते आणि काहीच येत नाही, हे एकदा हाताला कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

संकोचावर कागद चालत नाही. तिथे एवढंच केलं की संध्याकाळची आणि रात्रीची सिस्टर हँडओव्हरला दोघी मिळून खाटेपाशी जातात, पडदा ओढतात आणि रुग्णाला आधी सांगतात, ‘काका, नळी आणि पट्टी बघायची आहे.’ दोघी असल्या की चादर उचलली जाते. मी स्वतः उभी राहून पाहिलं, रुग्णांना त्याचं फारसं काही वाटत नाही. अवघडलेपण बरंचसं आपल्याच बाजूला असतं.

संसर्गाबद्दल थोडक्यात, कारण तिथे वॉर्डाचं काम आधीपासून बऱ्यापैकी होतं. नळी आत असेपर्यंत दर दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते, म्हणून नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवायची नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता. रोज साबण-पाण्याने स्वच्छता पुरते, त्यावर औषधी मलमांची गरज नाही. चालताना रुग्ण पिशवी छातीशी धरतात, ती मांडीच्या खाली धरायला शिकवावं लागतं. नळी काढण्याआधी ती चिमट्याने बांधून ‘सवय’ लावायची जुनी रीत इथे अजून होती, ती बंद केली.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डावर ‘जड उचलू नये, भरपूर पाणी प्यावे’ छापलेलं असतं. तांडेलाला ‘जड’ म्हणजे काय ते त्याच्या कामातून सांगावं लागतं: ओलं जाळं नाही, बर्फाची लादी नाही, डिझेलचा कॅन नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही, चार ते सहा आठवडे. शौचाला जोर लावायचा नाही, त्यासाठी लागलं तर औषध. लाल मातीच्या खड्ड्यांतून स्कूटरवर मागे बसून जायचं नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. पाणी पिऊन, आराम करून ती निवळली तर ठीक, गुठळ्या येऊ लागल्या किंवा अडली तर लगेच यायचं.

एक गोष्ट कार्डावर नव्हती आणि कुणी सांगतही नव्हतं. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांमध्ये वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. धोका काही नाही, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो किंवा मनात कुढतो. ‘या वयात कशाला?’ असं वॉर्डात गृहीत होतं. काकांनी घरी जाताना हळूच ब्रदरांना बाजूला घेऊन हेच विचारलं. ब्रदरांनी लाजत का होईना नीट उत्तर दिलं. आता ते ऑपरेशनच्या आधी, सही घेतानाच सांगतात, आणि पत्नी समोर असेल तर दोघांना.

बाराव्या दिवशी काकांचा वॉर्डात फोन आला. लघवी लाल झाली होती. फोन रात्रीच्या त्याच सिस्टरांनी घेतला. काय उचललं का, शौचाला जोर लावलात का, गुठळी आहे का, धार येते का, पोटाला हात लावून काकींनी पाहिलं का, एकेक विचारलं. काकांनी दुपारी पडवीतलं जाळं ओढून आत घेतलं होतं. पाणी आणि आराम सांगितला, दर दोन तासांनी रंग कळवायला सांगितलं. सकाळपर्यंत निवळली. १ ऑगस्टला मुलगा समुद्रात गेला तेव्हा काका बंदरावर होते, पण बसून.

तो एका पानाचा कागद फक्त या एका सर्जनच्या रुग्णांना लागू आहे. दवाखान्यात आणखी दोन सर्जन बाहेरून येतात. एकांनी वाचून ठेवला आहे, दुसऱ्यांना अजून वेळ मिळालेला नाही. रात्री वॉर्डात अजूनही एकच सिस्टर असते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत दोन्ही विषय इन्चार्ज सिस्टर पुन्हा मांडणार आहेत.